बेरा चाचणीसाठी मुलाला झोपवताना या चुका टाळा

बेरा या श्रवणशक्ती तपासणाऱ्या चाचणीत कानाशी आवाज ऐकवून श्रवणतंतू आणि मेंदूच्या बुंध्यातून उमटणाऱ्या अतिशय क्षीण विद्युत लहरी टिपल्या जातात. मूल हलले की स्नायूंच्या लहरींत त्या बुडून जातात, म्हणून गाढ झोप आवश्यक असते. नाशिकमध्ये या चाचण्या करताना मला वर्षानुवर्षे त्याच चुका दिसत आल्या आहेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे झोपेचे औषध घरीच पाजून निघणे. एकदा सिन्नरहून एक दांपत्य दुचाकीवरून आले. वेळ वाचावा म्हणून त्यांनी मागच्या वेळचे उरलेले ट्रायक्लोफॉसचे सिरप निघतानाच पाजले होते. दीड वर्षाच्या त्या मुलाची मान छातीवर कलंडली होती आणि ओठ निळसर पडले होते. डॉक्टरांनी मान सरळ करून हनुवटी उचलली, प्राणवायू दिला, तेव्हा रंग परतला. त्या दिवशी चाचणी झाली नाही, आणि त्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मुलाचे वजन मी स्वतः करतो, कारण मात्रा वजनावरून ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. शिवाय पायाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र) लागल्याशिवाय मी पुढचे काही करत नाही. ‘अजून थोडे पाजा, लवकर झोपेल’ ही घाई मला मुळीच मान्य नाही, मग ती पालकांची असो वा नव्या सहकाऱ्यांची.

दुसरी चूक उपाशीपोटाची. औषध द्यायचे असल्यास आईचे दूध चार तास, वरचे दूध आणि अन्न सहा तास आधी थांबवावे; साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. मात्र सहा महिन्यांखालील बाळ बहुधा औषधाविनाच झोपते, त्याला इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या चकत्या) लावून झाल्यावर इथेच दूध पाजावे.

नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत रिक्षात झोपून आलेले मूल केंद्रात टक्क जागे असते. त्याला रात्री उशिरा झोपवावे, पहाटे उठवावे आणि वाटेत जागे ठेवायला घरातले एक माणूस सोबत आणावे.

कपाळाला आणि कानामागे तेल लावू नये, इलेक्ट्रोड टिकत नाहीत. सर्दी असल्यास आधी कळवावे.

झोपेत घोरणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या मुलांची चाचणी, तारखेसाठी थांबावे लागले तरी, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करावी.