बागेतल्या नेपाळी माणसांना गावच्या कामात कसं घ्यायचं

दर सीझनला ऑक्टोबर-नोव्हेंबरला ही माणसं आंब्याच्या बागेत येतात, बेणणी (गवत-झुडपं साफ करणं), फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं सगळं करतात, काहींचं तर कुटुंब बारा महिने मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटात, पण गावातलं काही विचारलं की उत्तर एकच, "हमको क्या पता सेठ". मग आपण म्हणतो यांना काही पडलेली नाही. तसं नाहीये ते.

आधी त्यांचं मागचं समजून घ्या. नेपाळात 1960 ला राजाने निवडून आलेलं सरकार घालवलं, पक्षांवर बंदी घातली, ती थेट 1990 पर्यंत. मग 1996 ते 2006 माओवाद्यांचं युद्ध, म्हणजे रात्री बंदूकवाले येऊन जेवण मागणार आणि सकाळी फौज येऊन विचारणार जेवण कोणी घातलं. 2005 ला राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा फोनसुद्धा बंद केले होते. 2008 ला राजेशाही गेली, पण आपलं नाव कुठं येऊ नये ही सवय एवढ्यात कशी जाणार? त्यात इथं मत नाही, आणि तिकडे नोव्हेंबर 2022 ला निवडणूक झाली तेव्हा मत टाकायला गावी जावं लागत होतं आणि ही माणसं आपल्या कलमांखाली होती.

म्हणून पक्ष, निवडणूक, मोदी, नेपाळचे नेते ओली असले विषय सुरुवातीला काढूच नका. नाव विचारा, "ए बहादूर" बंद करा, वयाने मोठा असेल तर दाजू (नेपाळीत मोठा भाऊ) म्हणा, बाईला दिदी. बागमालकासमोर काही विचारू नका, संध्याकाळी मांगरापाशी बसा. फोटो काढायचा नाही, आणि कागद आधी पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा अजिबात घ्यायचा नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त विश्वास इथंच तुटतो. प्रचाराच्या गाडीत तर कधीच बसवू नका.

मग पाणी, विंचू-साप, अंधारातली वाट, पोरांची शाळा यावर बोला. ग्रामसभेचा सभासद मतदारच असतो, त्यामुळे तिथं त्यांचा हात मोजला जाणार नाही, त्यांचा पाण्याचा विषय तुम्ही मांडा आणि काय ठरलं ते त्याच रात्री जाऊन सांगा.

शाळेचं मात्र वेगळं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, एकूणात निम्म्या बायका. तिथं मतदार यादीचा प्रश्नच नाही. पटावर चार नेपाळी पोरं असतील तर एका आईला समितीत घ्या, हेडमास्तरांशी आधी बोलून ठेवा, मीटिंग फवारणीच्या दिवशी लावू नका आणि सोबत एखादी गावातली बाई द्या जिला हिंदी जमतं. पहिल्या मीटिंगला ती आई काही बोलणार नाही, दुसऱ्यालाही नाही, तरी पुढची तारीख सांगायला मांगरापर्यंत स्वतः जा.