वणवा विझवताना धुरापासून कसं वाचायचं

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत उन्हाळाभर वणवे लागतात, आणि ज्वाळेला जपणारा वनमजूर धुराकडे मात्र काणाडोळा करतो. 2022 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आग विझवण्याच्या कामाला कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

ओल्या दुपट्ट्यावर विसंबू नका. तो राख अडवतो, पण छातीत खोल जाणारे बारीक कण नाही; आगीच्या धगीत त्यातल्या पाण्याची वाफ होऊन तोंडही भाजतं. एन-95 मास्क वापरा, दोन पट्ट्यांचा: वरचा डोक्यावर मागे, खालचा कानाखालून मानेवर. नाकावरची पत्ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर मास्क बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. ओला झाला किंवा दम लागायला लागला की बदला. माणशी दोन तरी जवळ असू द्या. मास्क प्लास्टिकच्या धाग्याचा असल्याने ज्वाळेपाशी वितळतो. तो जाळरेषेवरच्या (आग अडवायला जाळून साफ केलेल्या पट्ट्यावरच्या) पहाऱ्याला, पाचोळा उडवायचा ब्लोअर चालवताना आणि राख उकरताना कामाचा.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र या मास्कमधून सरळ आत जातो. त्याला ना वास, ना रंग, आणि रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो. ज्वाळा बसल्यावर धुमसणारे ओंडके आणि सागाच्या पाचोळ्याचे ढीग तो भरपूर सोडतात. 'आग तर विझली' म्हणून माणसं तिथेच टेकतात, आणि नेमकं तेच चुकतं. वारा पाठीवर घेऊन काम करा. विसावा वाऱ्याच्या वरच्या अंगाला घ्या, नाल्यात किंवा दरीत नाही. रात्री अन् पहाटे धूर खोलगटात साचतो. दाट धुरात माणसं अर्ध्या तासाने बदला. पाळी कोणाची, हे टोळीच्या म्होरक्याने ठरवावं, कारण थकलेला गडी स्वतःहून मागे येत नाही.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. त्याला एकटं झोपू देऊ नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसलं तरी फसू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडलाही प्राणवायूच समजतं. 'हा धुरात होता' हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच लागेल.

कपडे सुतीच घाला. घरी आल्यावर ते बाहेरच काढून वेगळे धुवा, आणि लेकराला उचलण्याआधी आंघोळ करा.