कचरणे, चाचरणे, आढेवेढे आणि भीड : शब्द वापरताना या चुका टाळा

पाऊल पुढे पडत नाही, एवढं सांगायला मराठीत डझनभर शब्द आहेत. ते एकाच्या जागी दुसरा चालवले की घोळ होतो, कारण कुणी का अडलंय हे यातला प्रत्येक शब्द वेगळं सांगतो.

सगळ्यात जास्त गफलत 'भीड' आणि 'संकोच' यांत होते. संकोच कुणासमोरही वाटतो. अनोळखी माणसाला वेळ विचारतानाही. भीड पडायला मात्र नातं लागतं, ओळख लागते, मोठेपणाचा मान लागतो. मित्राला उसने दिलेले पैसे परत मागायचे आहेत. महिना उलटला, तो रोज भेटतो, हसून बोलतो, आणि पैशांचा विषय काही आपल्या तोंडून निघत नाही. ही भीड. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण अशाच माणसाला ऐकवतात. तिथे 'मला संकोच वाटतो' लिहिलं तर चूक नाही, पण मैत्रीचं ओझं त्यात उतरत नाही.

क्रियापद बदललं की भिडेचा अर्थही फिरतो. 'त्याची भीड चेपली' म्हणजे बुजरेपणा गेला, तो आता मोकळेपणाने वागतो. 'मला त्याची भीड मोडवेना' म्हणजे मला त्याला नाही म्हणता येईना. पहिल्या वाक्यात भीड त्याला वाटत होती, दुसऱ्यात मला वाटते आहे. घाईत लिहिताना हे हमखास उलटंपालटं होतं.

मग कानाला सारखे वाटणारे शब्द. 'तो कचरत बोलला' असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा 'चाचरत' म्हणायचं असतं. कचरतं ते मन, चाचरते ती जीभ. बोलायला कचरणारा माणूस कदाचित तोंडच उघडणार नाही. चाचरणारा अडखळत का होईना, बोलतो. 'घुटमळणे' पायांचं. दाराशी घुटमळला म्हणजे आत येत नाही आणि निघूनही जात नाही. (शब्दही ओठांवर घुटमळतात, ते चालतं.)

'अनमान' (म्हणजे संकोच) हा छान शब्द मोबाइलवर टंकताना 'अनुमान' (म्हणजे अंदाज) होऊन बसतो. 'मदत मागायला अनुमान करू नका' याला काही अर्थच नाही.

'जिवावर येणे' जपून वापरावं. 'पहाटे उठायचं जिवावर येतं' म्हणजे उठायची अजिबात इच्छा होत नाही. 'जिवावर बेतलं' म्हणजे जीव जायची वेळ आली, आणि 'जिवावर उठला' म्हणजे जीव घ्यायला निघाला. 'अभ्यास माझ्या जिवावर उठलाय' हे वाक्य गमतीत ठीक आहे. अर्जात नको.

'आढेवेढे' नेहमी अनेकवचनी आणि ते घ्यायचे असतात, करायचे नसतात. माझ्या मते हा शब्द स्वतःबद्दल जवळपास कुणी वापरत नाही. मी संकोच करतो, दुसरा आढेवेढे घेतो! गाणं म्हणायचा आग्रह झाल्यावर 'नको, घसा बसलाय' म्हणणाऱ्याला आतून गायचंच असतं, असा संशय या शब्दात दडलेला आहे. 'टाळाटाळ' तर सरळ आरोप आहे. पत्रात 'आपण माहिती देण्यास टाळाटाळ केली' असं लिहिलंत की समोरचा बिथरणारच. भांडण नको असेल तर 'माहिती अद्याप मिळालेली नाही' एवढं पुरतं. 'चालढकल' त्याहून सौम्य: काम करणार आहे, पण आज नाही.

'मागेपुढे पाहिलं नाही' आणि 'मागचापुढचा विचार केला नाही' यांतही फरक आहे. मदतीला धावताना मागेपुढे न पाहणारा दिलदार ठरतो. मागचापुढचा विचार न करणारा उतावळा. कौतुकाच्या भाषणात दुसरं वापरलंत तर सत्कारमूर्ती कसनुसं हसेल.

'धजणे' बहुधा नकारातच शोभतं: 'कुणी बोलायला धजेना.' आणि 'हिचकिचाहट' हिंदीतच राहू द्या. कां-कू, काचकूच असे शब्द हाताशी आहेत.

लेखनात 'नाइलाज' मधला इ ऱ्हस्व, 'निःसंकोच' मध्ये विसर्ग हवा. 'भीड' दीर्घ, पण 'भिडेने', 'भिडस्त' ऱ्हस्व. 'नाखूश' आणि 'नाखुशी' यांचंही तसंच.