लाल कोळ्यावर औषध मारण्याआधी पान उलटून बघा : कॉफीबागेसाठी फेब्रुवारी ते मे सल्ला

कॉफीच्या दोन जातींपैकी अरेबिकाची तोडणी उरकली, रोबस्टा शेवटच्या फेरीवर आली, की बागेतली वर्दळ कमी होते आणि नेमक्या याच कोरड्या दिवसांत लाल कोळी (पानातला रस शोषणारी, ठिपक्याएवढी कीड) जोर धरतो. सुरुवात बहुधा रस्त्याकडेच्या ओळींपासून किंवा जिथे सावलीचं झाड पडलंय अशा उघड्या जागेपासून होते. पानांची तकाकी जाते, वर बारीक फिकट ठिपके येतात, मग सगळं पान तांबूस, पितळी दिसायला लागतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं पाण्याचा ताण आहे. काही जण तांबेरा हा बुरशीचा रोग समजून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारून मोकळे होतात.

तांबेऱ्यात पानाच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटी असते, बोटाला लागते. कोळ्याच्या प्रादुर्भावात सुरुवातीला मागची बाजू हिरवीच राहते, रंग बदलतो तो वरच्या बाजूचा. कारण कॉफीवरचा हा कोळी (ऑलिगोनिकस कॉफीए, आसाम-निलगिरीच्या चहाला छळणारा तोच) मुख्यतः पानाच्या वरच्या पृष्ठभागावर बसून रस शोषतो. प्रादुर्भाव फार वाढला की तो खालीही उतरतो.

हा सल्ला मुख्यतः कोडगू, चिकमगळूर, हासनच्या पट्ट्यातली बाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदरा. तिथे, किंवा कोकण-गोव्यात कुणी सुपारीखाली हौसेने चार झाडं लावली असतील तिथेही तत्त्व हेच. फरक इतकाच, की मार्च-एप्रिलमध्ये येणारा फुलोऱ्याचा पाऊस दक्षिणेत जसा बऱ्यापैकी भरवशाचा असतो तसा सातपुड्यात नसतो, म्हणून कोरडा काळ लांबतो.

भिंग घ्या, पान उलटा

दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत ठेवा. पानाच्या वरच्या बाजूला तांबडे, संथ चालणारे ठिपके, त्यांच्या कातींची पांढुरकी भुकटी, विरळ जाळं आणि लाल गोल अंडी दिसली की शत्रू सापडला.

आता तेच पान उलटा. मधली शीर आणि तिच्यातून फुटणाऱ्या बाजूच्या शिरा जिथे मिळतात, त्या बेचक्यांत बघा. अरेबिकाच्या पानावर तिथे टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. वरून त्याच जागी पान किंचित फुगीर लागतं. बरेच बागायतदार ही किडीची खूण समजतात. ती कीड नाही, पानाचीच रचना आहे. वनस्पतिशास्त्रात या खळग्यांना डोमेशिया म्हणतात. त्यात ऊन पोचत नाही, वारा लागत नाही, ओल टिकते, आणि तिथे आसऱ्याला राहणाऱ्यांत लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी असतात. झाड त्यांना घर देतं, ते झाडाचं राखण करतात.

हा भक्षक ओळखायला अवघड नाही. फायटोसिइडी कुळातला, आकाराने लाल कोळ्याएवढाच, पण अंग नासपतीसारखं, गुळगुळीत, चकचकीत आणि दुधाळ ते फिकट पिवळं. पोट भरलेलं असेल तर आतून लालसर दिसतो, मग नवखा माणूस फसतो. अशा वेळी रंग बघू नका, चाल बघा. लाल कोळी रेंगाळतो. भक्षकावर उजेड पडला, भिंगाचा धक्का लागला, की तो सरळ धूम ठोकतो. अंड्यांतही फरक आहे. भक्षकाचं अंडं लांबट, पारदर्शक आणि मोठं असतं. ते बहुधा शिरेलगत किंवा बेचक्यात एकेकटं दिसतं.

भिंग नसेल तर पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन टपल्या मारा. कागदावर पडलेल्यांपैकी जे जागच्या जागी घुटमळतात ते एका बाजूला मोजा, जे पळत सुटतात ते दुसऱ्या. दहा लाल कोळ्यांमागे एक भक्षक असेल तर थोडं थांबून बघायला हरकत नाही. हा ठोकताळा सफरचंद, स्ट्रॉबेरीसारख्या पिकांतून आलेला आहे, त्यामुळे कॉफीत तो अंदाज म्हणून वापरा, कायदा म्हणून नाही. त्याच झाडावर आठवड्याने पुन्हा कागद धरा. आकडा एकदा पाहण्यापेक्षा तो कुठल्या दिशेने सरकतोय हे जास्त सांगून जातं.

कागदावर एखादा काळा, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा गोलसर भुंगेराही पडेल. तो स्टेथोरस, लाल कोळ्यावर जगणारा ढालकिड्यांतला भाऊबंद. हिरव्या पारदर्शक पंखांच्या क्रायसोपाच्या अळ्याही कोळी खातात. दोघांना जपा. पण बागेत कोळी तुरळक असताना टिकून राहतो तो भक्षक कोळीच. एकदा झाडावर लाल कोळ्यांची गर्दी झाली, की मग स्टेथोरसची वेळ येते.

तोल बिघडतो कशाने

भक्षक असूनही कोळी वाढला असेल, तर माझ्या मते बहुतेक बागांत दोष आपल्याकडेच निघतो.

पहिली गोष्ट कोरडी हवा. लाल कोळ्याला ती मानवते. भक्षकाची अंडी मात्र हवेतली आर्द्रता फार उतरली की सुकून जातात, फुटतच नाहीत. सावली काढली की ऊन पोचतं, वारा खेळतो, आणि पानालगतची ओल जाते. एकाच हंगामात सगळ्या सावलीच्या झाडांची छाटणी करणाऱ्याच्या बागेत पुढच्या उन्हाळ्यात कोळी दिसला तर नवल नाही.

दुसरी धूळ. कच्च्या रस्त्यावरून ट्रॅक्टर, जीप गेली की दोन्हीकडच्या ओळी माखतात. लाल कोळी जाळ्याच्या आडोशाने तग धरतो, त्याला शोधत पानभर फिरणाऱ्या भक्षकाची मात्र धुळीत पंचाईत होते.

तिसरी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट फवारणी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं भक्षक कोळ्यांना फार मारक आहेत आणि लाल कोळ्याला त्या मानाने कमी. ब्राझीलचा अनुभव इथे उपयोगी आहे. मिनास जेराइसमधली बरीच कॉफी उघड्या उन्हात असते आणि तिथे पान पोखरणारी अळी ही मोठी डोकेदुखी. तिच्यासाठी पायरेथ्रॉइड मारलं, की मागून ऑलिगोनिकस इलिसिस हा लाल कोळी उसळतो, असं तिथे वारंवार दिसून आलं आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशकांच्या लागोपाठ फवारण्यांनंतरही तेच. त्याच बागांत यूसियस, इफिसिओडिस, अँब्लिसियस या भक्षकांच्या जाती नैसर्गिकरीत्या नांदतात. त्या विकत आणून सोडलेल्या नसतात, फक्त त्यांना जगू द्यावं लागतं.

मग बोर्डो बंद करायचं का? मुळीच नाही. तांबेऱ्याने पानगळ झालेल्या झाडावर भक्षक कोळी पाळून काय करणार? पण पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ०.५ टक्के बोर्डोची फवारणी हा तांबेऱ्याचा हिशेब आहे. फेब्रुवारीत पानं तांबूस दिसली म्हणून केलेली जादा फवारणी त्यात बसत नाही. नवी लागवड किंवा नांगे भरणी (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणं) करायची असेल तर तांबेऱ्याला सहसा दाद न देणारा चंद्रगिरीसारखा वाण निवडा, तांब्याच्या फवारण्या आपोआप घटतील.

पांढऱ्या खोडकिड्याचंही तसंच. एप्रिल-मे हा त्याच्या भुंगेऱ्यांच्या उडण्याचा काळ. उपाय करायचा तो मुख्य खोडावर आणि जाड फांद्यांवर. चुन्याचं १० टक्के द्रावण खोडाला फासलं तर पानांवरच्या कुणालाच त्रास नाही. पंपाचा नळ वर करून अख्खं झाड भिजवण्याची सवय मोडा.

या चार महिन्यांत काय करायचं

फेब्रुवारीत तोडणीनंतरची छाटणी करताना सगळ्यात जास्त तांबूस झालेल्या फांद्या आधी काढा. त्या ओढत बागभर नेऊ नका, कोळी वाटेत सांडतो. छाटलेलं तिथेच ओळीत पसरलं तर वाळत्या पानांवरचे भक्षक पुन्हा झाडावर चढायला वाव असतो. पण फांदी लाल कोळ्याने गच्च भरलेली असेल तर ती बाहेर न्यायला हरकत नाही.

रोबस्टाला फुलोऱ्यासाठी तुषार सिंचन देणार असाल तर ते पाणी कोळ्यावरही काम करतं. वरून पडणाऱ्या पाण्याने धूळ आणि जाळी धुतली जातात, हवेत दमटपणा येतो. वेळापत्रक फुलोऱ्याचंच ठेवा, कोळ्यासाठी ते मागेपुढे करू नका. पाणी मुबलक असेल तर रस्त्याकडेच्या दोन-तीन ओळींवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारा, आणि निदान वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर पाणी शिंपडा. कोळीनाशकापेक्षा हे स्वस्त पडतं.

मार्चमध्ये तण काढताना जमीन घासूनपुसून स्वच्छ करण्याचा सोस नको. कॉफीवर आढळणारे बरेच भक्षक कोळी केवळ कोळ्यांवर जगत नाहीत. परागकण, मधुरस, बारीक कीटक, बुरशीचे धागे, काहीही चालतं. म्हणूनच लाल कोळी नसतानाही ते बागेत टिकतात आणि कीड येते तेव्हा आधीच हजर असतात. एक ओळ काढा, एक ठेवा. फुलावर आलेलं तण फुलं संपल्यावर कापा. भक्षक पाळणाऱ्या प्रयोगशाळांत एरंडाचे परागकण खाद्य म्हणून वापरतात, म्हणून बांधावर एरंड लावण्याचा सल्लाही ऐकू येतो. मी तो सरसकट देणार नाही. एरंडावर दुसरे कोळी आणि अळ्याही वाढतात.

सावलीसाठी पांगारा असेल तर दुधात साखर. त्याच्या पानाच्या देठावर, पर्णिका फुटतात तिथे, मधुरस पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. ब्राझीलमध्ये इंगा या शेंगवर्गीय झाडांच्या अशाच ग्रंथींमुळे कॉफीतल्या मित्रकिडींना खाद्य मिळतं, असा अभ्यास झाला आहे. नुसत्या सिल्व्हर ओकवर सावली चालवणाऱ्यांनी मधेमधे पांगारा, फणस, उंबर आणावेत.

फुलोऱ्याचा चांगला पाऊस झाला की लाल कोळी बराच धुऊन जातो. त्या पावसाच्या तोंडावर कोळीनाशकाचा खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

फवारावंच लागलं तर

एप्रिल उजाडला, पाऊस नाही, कागदावर भक्षक जवळपास नाहीत आणि पानं गळायला लागली आहेत, अशी वेळ येते. मग हात बांधून बसू नका. पण सगळी बाग फवारू नका. तांबूस पडलेले पट्टे चुन्याने खुणा करून ठेवा आणि तेवढेच फवारा. मधली, आतली झाडं सोडली की तिथले भक्षक पुढे या पट्ट्यात येतात.

फवारा पानाच्या वरच्या बाजूवर पडेल असा धरा. शत्रू वर आहे, मित्र दिवसा बहुतेक खाली बेचक्यांत आहे. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक हा जुना उपाय, पण ते भक्षकालाही काही प्रमाणात मारतं आणि तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की पानं भाजू शकतात. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच, आणि खनिज तेलाची फवारणी झाली असेल तर मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कडुनिंबावर आधारित औषधं भक्षकाला त्या मानाने सौम्य पडतात. फूल उमललेलं असताना काहीही मारू नका, मधमाश्या तेव्हाच येतात. डायकोफॉलवर देशात बंदी आहे. जुना डबा गोदामात सापडला तरी तो वापरायचा नाही. कुठलंही कोळीनाशक घेताना कॉफीसाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता) आहे का ते बघा, मात्रा लेबलवरचीच ठेवा.

विकतचे भक्षक कोळी आणावेत का?

पॉलिहाऊसमधल्या गुलाब-जरबेरावाल्यांकडून ऐकून कॉफीवालेही हा प्रश्न विचारतात. हरितगृहातल्या पिकांत ही पद्धत जगभर रुळली आहे. तिथे वापरला जाणारा फायटोसियुलस परसिमिलिस मूळचा परदेशी, खातो तो जवळपास फक्त जाळी विणणारे कोळी, आणि ते संपले की उपाशी मरतो. उघड्या, डोंगरउताराच्या, अनेक मजल्यांच्या सावलीच्या बागेत असा पाहुणा टिकण्याची आशा कमी. परदेशातून जीव आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवानगी लागते, तेव्हा ओळखीतून कुपी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. उष्ण कटिबंधातली मोठी यशोगाथा आफ्रिकेच्या कसाव्याची (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) आहे. दक्षिण अमेरिकेतून आणलेला टायफ्लोड्रोमॅलस अरिपो १९९३ मध्ये बेनिनमध्ये सोडला आणि तो कसाव्याच्या कोवळ्या शेंड्यात मुक्काम ठोकून हिरव्या कोळ्याला आवरू लागला. त्याला शेंड्यात घर मिळालं, म्हणून तो टिकला. कोकणातल्या नारळाच्या इरिओफाइड कोळ्यावरही फळाच्या टोपणाखाली शिरू शकणारा निओसियुलस बाराकी हा चपट्या, लांबट अंगाचा भक्षक आढळतो, त्याचं कारणही तेच. कॉफीच्या पानात घर आधीपासून बांधलेलं आहे आणि राहणारेही आपल्याच मुलुखातले आहेत.

मे महिन्यात, पावसाआधी सावलीची छाटणी करताना पांगाऱ्याच्या फांद्या एकाच फेरीत सगळ्या उतरवू नका. एका आड एक झाड घ्या, उरलेली पाऊस नीट बसल्यावर. मॉन्सूनपूर्व बोर्डो मारण्याआधी प्रत्येक ब्लॉकमधल्या चार-पाच झाडांखाली एकदा कागद धरून नोंद करा, आणि पावसाळ्यानंतरच्या फवारणीआधी त्याच झाडांखाली पुन्हा.