स्वतःची व्हीलचेअर घेऊन विमानप्रवास कसा करावा

तिकीट काढण्याआधी आपल्या व्हीलचेअरचे वजन आणि घडी घातल्यावरची मापे लिहून घ्यावीत, कारण लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआरसारख्या विमानांत घडी न होणारी खुर्ची सामानकक्षाच्या दारातून जाईलच असे नाही.

खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल, तर बॅटरीवरचे आकडे पाहावेत. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॅट-तासांची होते. खुर्चीतून काढता येणारी लिथियम-आयन बॅटरी एक असल्यास ३०० वॅट-तासांपर्यंत, आणि दोन असल्यास प्रत्येकी १६० वॅट-तासांपर्यंत विमानात नेलेली चालते. त्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. काढलेली बॅटरी सामानात टाकता येत नाही. तिची टोके चिकटपट्टीने झाकून, ती वेगळ्या पिशवीत घालून केबिनमध्येच न्यावी लागते. नवी खुर्ची घेणाऱ्यांनी वॅट-तासांचा आकडा दुकानातच तपासावा.

मदतीची मागणी निदान ४८ तास आधी कंपनीकडे नोंदवावी. त्या वेळी ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच सांगून थांबू नये. आपण पायऱ्या चढू शकता, की पायऱ्या जमत नाहीत पण आसनापर्यंत चालता येते, की आसनापर्यंतही उचलूनच न्यावे लागते, हे स्पष्ट सांगावे, कारण तिन्हींची व्यवस्था निराळी असते. विमान एरोब्रिजला, म्हणजे इमारतीतून थेट दारापर्यंत नेणाऱ्या बंदिस्त पुलाला, लागणार नसेल, तर ॲम्बुलिफ्टची, म्हणजे खुर्चीसह दारापर्यंत उचलणाऱ्या गाडीची, मागणीही तेव्हाच करावी. जिन्यावरून हातांवर उचलून नेण्याची तयारी कोणी दाखवली, तर निःसंकोच नकार द्यावा. त्यात दोघांनाही इजा होऊ शकते.

विमानतळावर काउंटरवरच खुर्ची सामानात देऊन तिथल्या खुर्चीत बसण्यास सांगितले जाते. शक्य तिथे आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेण्याचा आग्रह धरावा. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे संवेदना गेलेल्या माणसाला योग्य गादीशिवाय फार वेळ बसणे म्हणजे दाबव्रणाला (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेला) निमंत्रण, आणि असा व्रण भरायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून गादी कधीही सामानात देऊ नये. पाय ठेवायचे पायटे, जॉयस्टिक असे सुटे होणारे भागही पिशवीत घालून सोबत ठेवावेत. खुर्ची कुठे धरून उचलावी आणि ब्रेक कसा सोडावा, हे हिंदी व इंग्रजीत लिहिलेला कागद तिच्यावर चिकटवावा, आणि ताब्यात देण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत.

विमानाच्या दारापासून आसनापर्यंत अरुंद खुर्चीतून नेतात. आपल्याला कसे धरायचे, हे कर्मचाऱ्यांना आपणच आधी सांगावे. ते आपल्याला सर्वांत जास्त ठाऊक असते. स्वच्छतागृहाच्या धास्तीने अनेक जण आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडतात. कृपया तसे करू नये; त्याऐवजी डॉक्टरांशी बोलून कॅथेटर किंवा डायपरची सोय करावी.

उतरताना आपली खुर्ची दाराशी आल्याची खात्री होईपर्यंत आसन सोडू नये. खुर्ची हाती येताच चाके, ब्रेक आणि सांगाडा तपासावा. काही मोडले असल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि सात दिवसांच्या आत छायाचित्रांसह लेखी तक्रार द्यावी. कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.