टॉर्चवर काचेचे मणी: काचेला दोष देण्याआधी या चुका टाळा

टॉर्च म्हणजे गॅस आणि ऑक्सिजनवर चालणारी ज्योत; तिच्यात काचेची कांडी वितळवून मातीचा लेप दिलेल्या सळईवर गुंडाळली की मणी होतो. मणी एका अंगाला लोंबतो, भोक मध्यावर येत नाही, की लगेच काचेला नावं ठेवली जातात. आधी कोपर बघा. ते हवेत असेल तर खांदे वर चढतात, हात कापतो, सळई अडखळत फिरते आणि मऊ काच खाली ओघळते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते. पाट किंवा उशी घालून उंच करा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. सळई मनगटाने पिळू नका, अंगठा आणि दोन बोटांत सैल धरून फिरवा. ज्योतीबाहेर काढल्यावरही मण्याची लाली जाईपर्यंत फिरवणं थांबवायचं नाही. अर्ध्या तासाने उठून मान मोकळी करा. (पुण्याच्या रविवार पेठेत मणी किलोवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं घरचे विचारणारच.)

तडा गेला तर मात्र काच तपासा. मण्यांची मऊ काच १०४ प्रसरणांकाची (तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा), बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची कडक काच, ३३ची; दोन्ही एका मण्यात नांदत नाहीत. भंगारातली बाटलीही त्यात मिसळू नका. कांडी थेट ज्योतीत खुपसली तर टोक फटकन उडतं. ज्योतीच्या टोकापासून हळूहळू आत न्या. राखेत पुरलेला मणी सावकाश निवतो, पण आतला ताण राहतोच आणि तो आठवड्यानेही फुटू शकतो. १०४च्या काचेला भट्टीत साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर मुरवून हळूहळू थंड करावं लागतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर त्या दिवशी भट्टी लावूच नका.

मणी सळईवरून निघत नसेल तर मातीचा लेप पातळ झाला. मध्येच गरगर फिरला तर लेप ओला होता किंवा सुटला. भोक नेहमी पाण्यात धरून साफ करा, लेपाची धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

साधा गॉगल चालत नाही. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगमगाट डायडिमियमचा (तो पिवळा प्रकाश गाळणाऱ्या खास काचेचा) चष्माच अडवतो. बोरोसिलिकेटला त्याहून गडद काच लागते.

एप्रिलच्या उकाड्यात पंखा लावला तर ज्योत हलते. खिडक्या बंद केल्या तर विषारी वायू साचतात. टॉर्चच्या पुढे एक्झॉस्ट, पाठीमागून ताजी हवा, अशी मांडणी करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती जमिनीलगत साठते. आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात चुकूनही लावू नका, आटे कितीही घट्ट बसलेले असोत.