छोट्या कॅबिनेटमध्ये ओव्हरक्लॉकिंग: किनाऱ्यावर सीपीयू कूलर निवडताना या चुका टाळा

मे महिन्यात मालवणहून मावसभावाचा फोन आला. तो स्कूबा करणाऱ्या पर्यटकांचे पाण्याखालचे व्हिडिओ एडिट करून देतो, आणि सीझनला त्याला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. "दादा, पंखो नुसतो आरडता, काम काय पुढे सरकना नाय." हे मशीन जानेवारीत मीच जोडून दिलं होतं. तेव्हा ते सुरेख चाललं होतं. म्हणून रविवारी रत्नागिरीहून बघायला गेलो.

जुनं चिरेबंदी घर. एवढासा आयटीएक्स (सगळ्यात छोट्या मदरबोर्डाच्या मापाचा) कॅबिनेट भिंतीतल्या कोनाड्यात अगदी मापात बसला होता. त्याची हवा घेणारी जाळी जांभ्याच्या चिऱ्यापासून दोन बोटांवर होती. कोनाड्यात हात घातला तर आतली हवा भट्टीसारखी. प्रोसेसर (सीपीयू) एएमडीचा रायझन 7 7700एक्स, वर 47 मिमी उंचीचा कूलर, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, बूस्ट वाढवून ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे मूळपेक्षा जास्त वेगाने चालवलेला, आणि तापमान 95 अंशांवर चिकटलेलं. या मालिकेला 95 ही मर्यादा कंपनीनेच दिली आहे, त्यामुळे प्रोसेसर जळत नाही. पण तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि ओव्हरक्लॉकिंगचा फायदा तिथेच संपतो.

कूलर निवडतानाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कूलर थंडी तयार करत नाही, तो फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. 24 अंशांच्या वातानुकूलित खोलीत एखादा कूलर 85 दाखवत असेल, तर स्लॅबखालच्या 34 अंशांच्या खोलीत तो साधारण 95 दाखवणार. हिशेब इतका सरळ आहे. म्हणून परीक्षणं वाचताना आधी खोलीचं तापमान किती होतं ते शोधा, आपल्या खोलीचं वैशाखातलं दुपारचं तापमान मोजा, आणि मधला फरक त्या आकड्यात मिळवा. मी ते जानेवारीत केलं नव्हतं. ती चूक माझी.

दमट हवेमुळे कूलर कमी काम करतो असं पुष्कळ जण सांगतात. तसा फरक जवळजवळ पडत नाही. दमट हवा घाम सुकू देत नाही म्हणून आपल्याला त्रास होतो, कूलरच्या धातूच्या भागाला, हीटसिंकला, घाम येत नाही. मात्र खोलीपेक्षा थंड करणारी पेल्टियर (विजेने धातू गार करणारी) किंवा चिलरवाली साधनं आपल्याकडे अजिबात नकोत. पावसाळ्यात कोकणात दवबिंदू 24-25 अंशांच्या आसपास असतो, त्याखाली गेलेल्या धातूवर पाणी धरतंच. रात्रभर एसी लावलेल्या खोलीत खिडकी उघडल्यावर बंद मशीनवरही तसा ओलावा येऊ शकतो. अशा वेळी लगेच बटण दाबू नका.

दुसरी चूक वॅटची. खोक्यावर 105 वॅट टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) लिहिलेलं असतं आणि माणूस 105 वॅट झेपणारा कूलर घेतो. एएम5 वरचा (एएमडीच्या नव्या सॉकेटवरचा) 105 वॅटचा प्रोसेसर मूळ सेटिंगलाच 142 वॅटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय5-13600के खोक्यावर 125 वॅटचा आहे, पण त्याची टर्बो (वेग वाढवल्यावरची) मर्यादा 181 आहे. ओव्हरक्लॉक केलात की त्याच्याही वर. नॉक्टुआ कंपनीचा 37 मिमीचा एल9 हा आडवा कूलर सुंदर बनवलेला आहे, पण तो या कामासाठी नाही. 65 वॅटच्या प्रोसेसरला तो शोभतो. 47 मिमीचे कूलर त्याहून थोडे बरे. ओव्हरक्लॉकिंग मनात असेल तर निदान 67-70 मिमीची जागा असलेला कॅबिनेट आधी बघा, आणि शक्य असेल तर उभा, टॉवर कूलर मावणारा घ्या. कूलर मास्टर कंपनीच्या एनआर200 या कॅबिनेटमध्ये साधारण 155 मिमीपर्यंतचा टॉवर बसतो. तो सुमारे 18 लिटरचा आहे, पण टेबलावर खटकत नाही. लोक आधी सगळ्यात चिमुकला कॅबिनेट घेतात आणि मग कूलर शोधत बसतात. क्रम उलटा ठेवा.

माप घेताना कॅटलॉगमधल्या एका आकड्यावर थांबू नका. फ्रॅक्टल कंपनीच्या टेरा कॅबिनेटमध्ये मधली पट्टी सरकवता येते, त्यामुळे कूलरसाठी 48 ते 77 मिमी अशी जागा बदलते. पण कूलरला दिलेली जागा ग्राफिक्स कार्डाच्या जाडीतून जाते. रॅमची उंचीही मोजा. साध्या पट्ट्या 31 ते 34 मिमीच्या असतात, दिव्यांच्या पट्ट्या सहज 44 पर्यंत जातात आणि आडव्या कूलरच्या पाकळ्यांना (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्यांना) अडतात. एएम5 वर मदरबोर्डाची मागची प्लेट काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची प्लेट लावणारे जुने कूलर तिथे बसत नाहीत. इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटची कूलर बसवायची भोकंही आधीच्या 75 ऐवजी 78 मिमीवर आहेत. जुना कूलर वापरायचा असेल तर त्याचं नवं किट मिळतं का ते आधी विचारा.

आता हवेचा रस्ता. हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, आणि सगळ्यात स्वस्तात सुधारणारा. आडव्या कूलरचा पंखा आणि बाजूची जाळी यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर फट राहिली, तर पंखा बाहेरच्या हवेऐवजी कॅबिनेटमधलीच तापलेली हवा पुन्हा ओढतो. मावसभावाच्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं. मी पॅकिंगच्या फोमची पट्टी कापून पंख्याभोवती चौकट केली, जाळीला टेकेल अशी, आणि कॅबिनेट कोनाड्यातून काढून टेबलावर ठेवला. पंख्याचा सूर खाली आलेला कानांनीच कळला. बाजूला काच असेल तर आडवा कूलर घेऊच नका, हवा यायची कुठून?

लिक्विड कूलर घ्यावा का? 240 मिमीचा रेडिएटर 27 मिमी जाड, त्यावर 25 मिमीचे पंखे, म्हणजे 52 मिमी जागा हवी. जागा असेल तर ताकद नक्कीच जास्त मिळते. पण रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असाच लावा, नाहीतर हवा पंपात अडकते आणि गुरगुर सुरू होते. शिवाय प्रोसेसरवर पंखा नसला की व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डावरच्या भागांना, वारा मिळत नाही. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या गावांत हवेचाच कूलर बरा. त्याचा पंखा बिघडला तर कुठलाही त्याच मापाचा लावून संध्याकाळपर्यंत काम सुरू होतं, पंप गेला तर कुरियरची वाट बघावी लागते.

खाऱ्या वाऱ्याचा विचार खरेदी करतानाच करा. समुद्राकडच्या खिडकीखाली मशीन ठेवलं की साध्या स्क्रूंवर तांबेरा चढतो आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर पांढरी भुकटी दिसते. निकेलचा मुलामा असलेला कूलर जास्त टिकतो. फार दाट पाकळ्यांचा नको, लाल धूळ त्यांत अडकते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. मिरगाच्या आधी आगोटीची कामं करता तेव्हा एकदा, आणि गणपतीच्या साफसफाईत एकदा, कोरड्या ब्रशने झाडा.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट: छोट्या कॅबिनेटमध्ये वेग वाढवण्याचा रस्ता व्होल्टेज कमी करण्यातून जातो. खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.35 वरून 1.25 व्होल्टवर आलात तर त्याच वेगाला सुमारे 14 टक्के शक्ती वाचते. एएमडीच्या बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज उतरवायच्या सेटिंगमध्ये) उणे 10 पासून सुरू करा, थोडं थोडं खाली जा, दर वेळी स्थिरता तपासा.

तरीही तापत असेल तर तापमान चढतं कसं ते बघा. भार देताच दोन-तीन सेकंदांत शिखरावर गेलं तर बहुधा कूलर नीट टेकलेला नाही. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं असेल किंवा एका कोपऱ्याचा स्क्रू ढिला असेल. पंधरा-वीस मिनिटं सावकाश चढत राहिलं तर कूलरला दोष देऊ नका, कॅबिनेटमधली हवा बाहेर पडत नाही. तापमान 80 आणि तरी वेग पडतोय असं असेल, तर व्हीआरएमचं तापमान आणि बायोसमधली वॅटची मर्यादा तपासा. ही चाचणी ग्राफिक्स कार्डावरही भार ठेवून, दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्या. मावसभावाच्या मशीनवर मी शेवटी वॅटची मर्यादा 88 ला बांधली आणि व्होल्टेज उतरवलं. त्या दुपारी त्याचा रेंडर मधे न रेंगाळता पूर्ण झाला.